परोपकार आणि टर्की

परोपकाराने पुण्य लागतं, हे आपल्याला शाळेतच शिकवतात. तो केव्हा करू नये, हे मात्र कुणी शिकवत नाही. त्यासाठी टर्कीची अंडी उबवावी लागतात.

आमच्या मेहुण्यांनी ती उबवायला घेतली. टर्की मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवला, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'! १६१२ साली मुकर्रबखानाने तो गोव्याहून जहांगीर बादशहाकडे नेला, तेव्हा त्याचं नाव दरबारात कुणालाच सांगता येईना. बादशहाने मन्सूरला बोलावून त्याचं चित्र काढून घेतलं. मेहुण्यांनी थर्मोकोलच्या खोक्यात पिल्लंच काढायची ठरवली.

खोक्यात एक बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. ऊब साडेसदतीस अंशांची. कोंबडीला २१ दिवस पुरतात, टर्कीला २८ लागतात. रोज तीन-चार वेळा अंडी फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. शेवटचे तीन दिवस मात्र हात लावायचा नाही. लाईट गेली की मेहुणे गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन असे धावत, की बाळंतपण शेजारच्या खोलीतच चाललंय असं वाटावं.

अठ्ठाविसाव्या दिवशी एका अंड्याला चीर पडली. आतून बारीक चिवचिव आली. मग सहा तास काही नाही.

"भावोजी, जरासं फोडू का? दमला असेल हो बिचारा." मेहुण्यांच्या हातात चिमटा होता.

"ठेव तो खाली," सासूबाई गरजल्या. "कळा काय तुझ्या घड्याळावर येतात?"

सासूबाईंचं शास्त्र बरोबर होतं. पिल्लू वरून स्वस्थ दिसतं, पण त्या वेळात ते कवचाखालच्या पापुद्र्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं, उरलेला बलक पोटात घेत असतं. आपण कनवाळूपणाने कवच सोललं, तर त्या रक्तवाहिन्या फाटतात. दया आपली, रक्त त्याचं! त्याला काही गरज आहे म्हणून नव्हे, तर आपल्याला बघवत नाही म्हणून आपण किती जणांची कवचं सोलत असतो, या विचाराने मी अंतर्मुख झालो.

इथेच थांबता आलं असतं, तर कुणालाही मदत न करण्याचं तत्त्वज्ञान बाळगून मी आज सुखात असतो. पण सकाळी पिल्लं बाहेर आली आणि दाण्यांसमोर नुसतीच उभी राहिली! टर्कीच्या पिल्लाला पुष्कळदा खायला शिकवावं लागतं. पाण्यात त्याची चोच बुडवायची, दाण्यांत चकचकीत गोट्या टाकायच्या, म्हणजे ते टोचून बघतं. काल हात लावला असता तर मेलं असतं, आज नाही लावला तर उपाशी मरेल. हात तोच, पिल्लू तेच. मधे फक्त एक रात्र गेलेली.

दोन अंड्यांतून मात्र चीर पाडूनही कुणी बाहेर आलं नाही. पापुद्रा वाळला तर पिल्लू आत अडकतं. तेव्हा मदत हवीच असते. पण ते दमलंय, की तयार होतंय, की अडकलंय, हे कवचाबाहेरून कसं कळावं? सासूबाईंनी ती अंडी परसात पुरली. त्या दिवशी घरात कुणीच कुणाला उपदेश केला नाही.

हल्ली चिरंजीव गणितात अडले की मी आधी विचारतो, "कवच की दाणा?"

तो म्हणतो, "त्रिकोणमिती, बाबा."