रिकामा पाइप

वडिलांनी बंगल्याच्या कडेला गॅरेज बांधलं, तेव्हा त्यात वीज म्हणजे एक दिवा होता. सिमेंटच्या पत्र्याखाली लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या दोन वायरी आणि दाराशी काळा गोल स्विच. चेतक स्कूटर उभी करायला एवढं पुरत असे. यंदा पत्रा काढून स्लॅब टाकायचं ठरलं, तेव्हा मी सिमेंट, विटा, शटर, फरशी या सगळ्यांचे दर काढले. विजेचं काय, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असे : ते शेवटी बघू.

वीज दिसते शेवटी, पण ठरवावी लागते आधी. स्लॅबच्या सळया बांधून झाल्या की काँक्रीट पडायच्या आत पाइप टाकायचे असतात. प्लास्टरच्या आधी भिंतीला झिऱ्या मारून बोर्डांचे डबे बसवायचे असतात. एकाची पाळी चुकली की दुसऱ्याचं झालेलं काम फोडावं लागतं. सेंट्रिंगवाला, गवंडी आणि वायरमन साइटवर एकमेकांवर ओरडत असतात, तेव्हा बहुधा मालकानं वेळेवर न घेतलेल्या निर्णयांचंच भांडण चाललेलं असतं.

निर्णय कसला? तर इथं पुढं काय चालणार, याचा. साठ वॉटचा दिवा पाव अँपिअरच्या आसपास करंट घेतो. इलेक्ट्रिक मोटारीचा घरगुती चार्जर ७.४ किलोवॅटचा असेल, तर २३० व्होल्टवर तो ३२ अँपिअर घेतो. म्हणजे त्याच जागेत भार सव्वाशे पटींच्या घरात. शिवाय गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, चार्जर मात्र रात्रभर ओढत राहतो. सैल राहिलेला एखादा जोड गीझर सहन करून घेईल. चार्जरखाली तो तासन्‌तास तापत राहील. म्हणून घरातल्या एखाद्या प्लगमधून वायर न ओढता मीटरपासून स्वतंत्र केबल आणि गॅरेजचा स्वतंत्र डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड. मंजूर भार पुरत नसेल तर परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट घेऊन महावितरणकडे अर्ज. ही सगळी खटपट शटर निवडण्याइतकी हौसेची नाही, म्हणून ती मागं पडते.

हौस दिसणाऱ्या गोष्टींची असते. फरशीला चौरस फुटामागं वीस रुपये जास्त द्यायला आपण तयार होतो आणि आरसीसीबीची किंमत ऐकून म्हणतो, एमसीबी आहेत की! पण सोळा अँपिअरचा एमसीबी वायरीची राखण करतो. माणसाचा जीव जायला एक अँपिअरचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो. तेवढ्याची एमसीबीला खबरही लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. हिशेबात तीस मिलिअँपिअरची तूट आली, की क्षणाच्या आत पुरवठा तोडतो. ओल्या फरशीवर अनवाणी गाडी धुतली जाते त्या जागेत हा कारकून हवाच. आणि हवी तिसरी वायर, अर्थिंगची. वडिलांच्या गॅरेजात ती नव्हती. तिचा सगळा जन्म काही न करता जावा, अशी आपली इच्छा असते. अशा वस्तूवर पैसे खर्चायला वेगळीच अक्कल लागते.

जुन्या पट्टी फिटिंगचं एक बरं होतं. वायर कुठून निघाली, कुठं वळली, ते खाली उभं राहून वाचता येई. बिघाड डोळ्यांनी सापडे. आपण सुंदर भिंतींच्या बदल्यात ही वाचनीयता देऊन टाकली. आता भिंत काही सांगत नाही. उद्या खिळा ठोकणाऱ्याला ती सावधही करणार नाही. मग डोळ्यांचं काम कागदावर सोपवणं भाग आहे. प्लास्टरच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढले आणि कुठला एमसीबी कशाचा, त्याचा तक्ता डीबीच्या दाराला आतून चिकटवला. वायरमन हसला. ‘‘काका, हे आधी कुणी करत नाही. नंतर मात्र सगळे मलाच विचारतात, पाइप कुठून नेलाय?’’

त्यानंच स्लॅबच्या वेळी विचारलं होतं, ‘‘एक पाइप जादा टाकून ठेवू का? रिकामाच.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘ते आत्ता कसं सांगू? लागेल तेव्हा कळेल. तेव्हा स्लॅब फोडण्यापेक्षा हे स्वस्त.’’

मी घासाघीस न करता हो म्हटलं, याचं मला अजून नवल वाटतं. नियोजन म्हणजे सगळं आधी ओळखणं, असा माझा समज होता. वडीलही दूरदृष्टीचे होते. पण ज्या चेतकसाठी त्यांनी ही जागा बांधली, तीच बंद पडून २०२० मध्ये विजेवर धावत परत येईल, हे त्यांना काय, कुणालाच ओळखता आलं नसतं. आपल्याला न दिसणाऱ्या गरजेसाठी वाट मोकळी ठेवणं मात्र त्यांच्या हातात होतं, आणि आता माझ्या हातात होतं.

गॅरेज आता रंगून तयार आहे. बघायला येणारे शटरचं कौतुक करतात. वर कोपऱ्यात एका डब्याला कोरं झाकण लावलंय. त्याच्यामागं त्या पाइपाचं तोंड आहे. आत काँक्रीट जाऊ नये म्हणून कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा मी तसाच राहू दिलाय.