सातबाऱ्यावर नाव कोणाचे, घाम कोणाचा?



काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ मला भेटायला आले. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. शहरात नोकरी, आयकर भरतात, गावी वडिलोपार्जित दोन एकर. म्हणाले, “फादर, शेतकरी सन्मान निधीचे पैसे माझ्या खात्यात येतात. जमीन माझ्याच नावावर आहे. मग घ्यायला काय हरकत?”

मी विचारले, “जमीन कसतं कोण?”

“एक जण अर्धेलीने करतात.”

“त्यांना निधी मिळतो?”

“त्यांच्या नावावर जमीनच नाही, फादर.” एवढे बोलून ते स्वतःच गप्प झाले.

केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या या योजनेत जमीनधारक शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ पासून तेवढीच भर घातली. आधी दोन हेक्टरची मर्यादा होती. २०१९ सालीच ती काढली. आयकर भरणारे अपात्र आहेत. परंतु वाट्याने कसणारा आणि भूमिहीन मजूर हेही बाहेरच राहिले, कारण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही.

ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे की, वाटणी योग्यतेनुसार व्हावी हे सर्वांना मान्य असते. भांडण असते ते योग्यता कशावर मोजायची याचे. आपल्या देशात हेच दिसते. तेलंगणाने २०१८ मध्ये एकरी मदत सुरू केली. जास्त जमीन त्याला जास्त पैसा. केंद्राने प्रत्येक जमीनधारक कुटुंबाला सारखी रक्कम दिली. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस जाहीर केलेल्या योजनेत वाटेकरी व भूमिहीन यांनाही घेतले. माप तीन प्रकारचे, म्हणून न्यायही तीन प्रकारचा.

सरकारची अडचण खोटी नाही. सातबारा हा कागद आहे, अर्धेली ही तोंडी बोली. ती तोंडी का राहते? कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. तेव्हापासून, लिहून दिले तर जमीन जाईल, ही भीती मालकाच्या मनात बसली. ज्याच्यासाठी कायदा झाला, तोच आज कागदाबाहेर आहे. गारपीट झाली की नुकसान त्याचेही होते, पण पंचनाम्यानंतरची मदत बहुधा सातबाऱ्यावरच्या नावाला जाते.

पवित्र शास्त्रात शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी ठेवण्याची आज्ञा आहे. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचायला गेली ती या नियमाच्या आधारावर. तो तिचा वाटा होता, मालकाची मेहरबानी नव्हे.

तर मग आपण काय करावे? जो अपात्र आहे, त्याने घेतलेली रक्कम परत करावी. हे दान नव्हे. दुसऱ्याचे दुसऱ्याला देणे आहे. जो पात्र आहे पण स्वतः कसत नाही, त्याच्यावर कायद्याचा आक्षेप नाही. त्याने विवेकाला विचारावे: शेतकरी म्हणून आलेला हा पैसा माझा, की माझ्या बांधावर राबणाऱ्याचाही? वाट्याचा हिशेब करताना त्याची आठवण ठेवता येईल. आणि ज्या घरात कर्ता पुरुष वारला आहे, तेथे भावकीने विधवेची वारसनोंद अडवू नये. योजनेसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी लागते, पण पतीच्या मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला ती अट नाही. नोंद नसेल तर मात्र तिला काहीच मिळत नाही.

त्या गृहस्थांनी पैसे परत करायचे ठरवले आहे. आपली जमीन कसणाऱ्या माणसाशी काय बोलायचे, हे मात्र त्यांना अजून सुचलेले नाही. आपल्यापैकी अनेकांना ते सुचायचे आहे. या आठवड्यात निदान त्याच्या घरी जाऊन बसू या.

तुमचा धर्मगुरू