भरवशाचा खेळाडू म्हणजे कोण?

१ डिसेंबर १९५४ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या फुटबॉल संघाने पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरवले. जर्मनीला विश्वविजेता होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. इंग्लंडचा तिसरा गोल लेन शॅकल्टनने केला. पुढे सरसावलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून त्याने चेंडू अलगद उचलून जाळ्यात टाकला. त्यानंतर तो इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळला नाही. वीस वर्षांनी, १२ मार्च १९७५ रोजी, त्याच मैदानावर इंग्लंडने विश्वविजेत्या पश्चिम जर्मनीला २-० असे हरवले. त्या दिवशी मधल्या फळीत सारा खेळ ॲलन हडसनच्या पायांभोवती फिरत होता आणि हा त्याचा देशासाठीचा पहिलाच सामना होता. पुढच्या महिन्यात तो सायप्रसविरुद्ध खेळला, इंग्लंड ५-० असे जिंकले आणि हडसनची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली. दोन्ही वेळा जर्मन संघात विजेतेपदाचे बरेच मोहरे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तरीही प्रश्न उरतोच. या वीस वर्षांत इंग्लंडची निवड समिती गेली आणि एकट्या मॅनेजरच्या हाती सत्ता आली. खेळाडूंचे पगार बदलले, केस वाढले, घरोघरी टीव्ही आले. मग या दोघांच्या वाट्याला शेवट तोच कसा आला? माझे उत्तर असे की माणसे आणि पद्धती बदलल्या, पण एक समज कायम राहिला. प्रतिभेचा खेळाडू भरवशाचा नसतो, हा तो समज. दर पिढीने ‘भरवसा’ या शब्दात नवा अर्थ भरला, पण त्याच्या आधारे वगळायची माणसे मात्र त्याच जातकुळीची राहिली.

शॅकल्टनच्या काळात भरवसा म्हणजे आज्ञाधारकपणा. वॉल्टर विंटरबॉटम १९४६ ते १९६२ इंग्लंडचे मॅनेजर होते, पण संघ निवडायची ती समिती आणि तिच्यात मुख्यत्वे क्लबांच्या संचालकांचा भरणा. खेळाडूचा पगार नियमाने बांधलेला होता. १९६१ साली ही मर्यादा उठली तेव्हासुद्धा ती आठवड्याला २० पौंड होती. क्लबच्या मर्जीविना खेळाडूला क्लब बदलता येत नसे. अशा व्यवस्थेत खेळाडू हा नोकर होता आणि नोकराने चमकोगिरी करू नये, ही अपेक्षा ओघानेच आली. शॅकल्टन मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठीवर चेंडू मारून तो परत पायात घेई आणि प्रेक्षकांना हसवी. त्याला ‘विदूषकांचा राजपुत्र’ म्हटले जाई आणि हीच पदवी त्याने १९५५ सालच्या आत्मचरित्राला दिली. त्या पुस्तकात क्लबच्या संचालकांना फुटबॉलचे किती ज्ञान असते यावर एक प्रकरण होते आणि त्याचे पान त्याने कोरे ठेवले होते. अशा माणसाला पाचच आंतरराष्ट्रीय सामने मिळाले, यात नवल नाही. पण त्याच्याविरुद्धचा आक्षेप वागण्याविषयी होता, खेळाविषयी नव्हता, हे इथे नोंदवून ठेवायला हवे.

१९६३ साली आल्फ रॅम्झी आले ते संघ निवडण्याचे पूर्ण अधिकार हाती घेऊन. लहरी समितीपेक्षा एक जबाबदार माणूस केव्हाही बरा, त्यामुळे हा बदल चांगलाच होता. पण भरवशाचा अर्थ आता आज्ञेकडून आराखड्याकडे सरकला. १९६६ च्या विश्वचषकात रॅम्झींनी साखळी सामन्यांत तीन वेगवेगळे विंगर वापरून पाहिले आणि नंतर विंगरविनाच खेळायचे ठरवले. फ्रान्सविरुद्ध जिमी ग्रीव्ह्जच्या पायाला दुखापत झाली. ५७ सामन्यांत ४४ गोल, असा ज्याचा कारकिर्दीचा हिशेब होता, तो हा खेळाडू. त्याच्या जागी आलेला जेफ हर्स्ट मेहनती आणि आराखड्यात चपखल बसणारा होता. ग्रीव्ह्ज बरा झाल्यावरही रॅम्झींनी अंतिम सामन्यात हर्स्टलाच ठेवले. त्याने तीन गोल केले आणि इंग्लंडने ४-२ असा विजय मिळवून विश्वचषक उचलला. त्या दिवशीचा निर्णय बरोबरच होता. चूक पुढे झाली. एका विशिष्ट परिस्थितीतला एक यशस्वी निर्णय हळूहळू सिद्धांत होऊन बसला. प्रतिभावंताला बाहेर ठेवले तरी जिंकता येते, एवढेच १९६६ ने दाखवले होते. त्यातून इंग्लंडने निष्कर्ष काढला तो असा की त्याला बाहेर ठेवले म्हणजेच जिंकता येते.

हा सिद्धांत घट्ट होत होता, नेमकी तेव्हाच खेळाडूंची एक वेगळीच पिढी वयात येत होती. पगाराची मर्यादा उठली होती, १९६४ पासून बीबीसीवर ‘मॅच ऑफ द डे’ सुरू झाले होते आणि खेळाडू घराघरात ओळखीचा झाला होता. रॉडनी मार्श, स्टॅन बोल्स, फ्रँक वर्दिंग्टन, पीटर ऑस्गुड, चार्ली जॉर्ज, टोनी करी आणि हडसन हे या पिढीचे चेहरे. त्यांचे आंतरराष्ट्रीय सामने मोजावेत: मार्श ९, वर्दिंग्टन ८, बोल्स ५, ऑस्गुड ४, हडसन २, जॉर्ज १. करीला तेवढे १७ मिळाले. वर्दिंग्टनचा १९७९ सालचा एक गोल या सगळ्यांच्या खेळाचा नमुना म्हणून पाहता येईल. बोल्टनकडून इप्सविचविरुद्ध खेळताना पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर चेंडू त्याच्याकडे आला. गोलकडे त्याची पाठ होती आणि मागे बचावपटू उभे होते. त्याने चेंडू खाली पडू न देता पायावर झेलला, पुन्हा उडवला आणि मग स्वतःच्या आणि बचावपटूंच्याही डोक्यावरून मागे टाकला. ते धावून आले तोवर चेंडू त्यांच्या पाठीमागे गेला होता. वर्दिंग्टन गर्रकन वळला आणि उतरत्या चेंडूवर त्याने डाव्या पायाने व्हॉली मारली. यात दिखावा जरूर आहे, पण वाया गेलेली एकही हालचाल नाही. बचावपटूंची अख्खी फळी त्याने धक्का न लावता, न धावता ओलांडली. त्या हंगामात २४ गोल करून तो पहिल्या विभागात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. राष्ट्रीय संघाचे बोलावणे मात्र आले नाही. त्याचे आठही सामने १९७४ सालातच संपले होते.

भरवशाच्या धोरणाने इंग्लंडला यश दिले असते, तर ही सारी तक्रार केवळ रसिकांची हळहळ ठरली असती. प्रत्यक्षात काय घडले? एप्रिल १९७२ मध्ये युरोपीय स्पर्धेत पश्चिम जर्मनीने वेम्बलीवरच इंग्लंडला ३-१ असे हरवले. त्या विजयाचा सूत्रधार होता गुंटर नेट्झर, लांब केसांचा, स्वतःचा डिस्को चालवणारा, इंग्लंडच्या व्याख्येत कुठेच न बसणारा. बर्लिनच्या परतीच्या सामन्यात इंग्लंडला गोलांची नितांत गरज होती. पुढे मार्श होता, पण मधल्या फळीत पीटर स्टोरी आणि नॉर्मन हंटर हे चेंडू हिसकावणारे गडी उभे केले गेले. सामना ०-० सुटला आणि इंग्लंड बाहेर पडले. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९७३ रोजी, विश्वचषकाच्या पात्रतेसाठी पोलंडला हरवणे भाग होते. इंग्लंडने गोलवर अक्षरशः मारा केला, पण यान तोमाशेव्स्की हा गोलरक्षक आडवा आला. पोलंडचा गोल झाला तो बाजूरेषेजवळ हंटरच्या पायातून चेंडू निसटला तेव्हा आणि मग गोलरक्षक पीटर शिल्टनच्या अंगाखालून तो जाळ्यात गेला तेव्हा. हंटर आणि शिल्टन म्हणजे इंग्लंडच्या भरवशाची मूर्तिमंत उदाहरणे. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. सामना १-१ सुटला, इंग्लंड विश्वचषकाबाहेर राहिले आणि काही महिन्यांनी रॅम्झींचे पद गेले. त्या दोघांना मी दोष देत नाही, चुका थोरांच्याही हातून होतात. मुद्दा एवढाच की चूक न होण्याची हमी कुठल्याच प्रकारचा खेळाडू देऊ शकत नाही. ती हमी मिळते असे समजून इंग्लंडने प्रतिभेचा त्याग केला होता. किंमत मोजली, पण वस्तू हाती आली नाही.

१९७४ साली आलेल्या डॉन रेव्ही यांनी या विचाराचे पुढचे टोक गाठले. प्रतिस्पर्ध्यांची जाडजूड टिपणे ते खेळाडूंच्या हाती देत. पण ज्या स्थैर्यासाठी हा खटाटोप होता, ते त्यांच्याच संघाला लाभले नाही. २९ सामन्यांत त्यांनी पन्नासहून अधिक खेळाडू खेळवले. क्वीन्स पार्क रेंजर्सचा जेरी फ्रान्सिस याला त्यांनी कर्णधार केले. क्लबमध्ये फ्रान्सिस आणि बोल्स यांची जोडी अशी जुळली होती की १९७५-७६ च्या हंगामात तो लहानसा क्लब लिव्हरपूलच्या अवघा एक गुण मागे, दुसऱ्या क्रमांकावर राहिला. जोडीतला एक देशाचा कर्णधार आणि दुसरा संघाबाहेर, अशी ही निवड. नोव्हेंबर १९७६ मध्ये रोमला इटलीविरुद्धच्या निर्णायक सामन्यासाठी बोल्सला अखेर बोलावले, पण तोवर फ्रान्सिस संघात नव्हता. इंग्लंड ०-२ असे हरले. पुढे गुण समान असताना गोलांच्या फरकावर इटली विश्वचषकाला गेली आणि इंग्लंड सलग दुसऱ्यांदा घरी बसले. प्रतिभावंताला सगळे बिघडल्यावर बोलवायचे, अनोळखी जुळणीत उभे करायचे, आणि त्याच्याने काही झाले नाही की आपला जुना समज खरा ठरला म्हणायचे, ही रीत तेव्हापासून रूढ झाली.

यावर पहिला आक्षेप असा की ही मंडळी खरोखरच बेभरवशाची होती. त्यात तथ्य आहे. बोल्सला जुगाराचा नाद होता आणि १९७४ साली सामन्यातून काढून घेतल्यावर तो संघ सोडून निघून गेला. हडसनने २३ वर्षांखालील संघाच्या दौऱ्यावर जायला नकार दिला आणि त्यापायी त्याच्यावर बंदी आली. मार्श १९७२ च्या मार्चमध्ये मँचेस्टर सिटीत दाखल झाला तेव्हा संघ आघाडीवर होता, पण शेवटी तो एका गुणाने विजेतेपदाला मुकला. आपल्यामुळे संघाची लय बिघडली, हे पुढे मार्शनेच कबूल केले. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. या खेळाडूंकडून क्लबांनी काम करून घेतले होते. टोनी वॉडिंग्टन यांच्या स्टोक संघात हडसन १९७४-७५ मध्ये असा खेळला की स्टोक विजेत्या डर्बीपेक्षा चारच गुणांनी मागे राहिले. डेव्ह सेक्स्टन यांचे चेल्सीत ऑस्गुड आणि हडसन यांच्याशी बिनसले होते. त्याच सेक्स्टन यांनी रेंजर्समध्ये बोल्सला सांभाळून तो सुवर्णहंगाम घडवला. एकच मॅनेजर एका ठिकाणी हरतो आणि दुसऱ्या ठिकाणी जिंकतो. मग बेभरवसा हा खेळाडूच्या रक्तातला गुण कसा म्हणावा? तो बऱ्याच अंशी खेळाडू आणि संघ यांच्या नात्यातून जन्मतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जर्मनीनेही १९७४ च्या विश्वचषकात नेट्झरला जवळपास बाहेरच ठेवले आणि तरी विश्वचषक जिंकला. पण नेट्झरची जागा कोणी घेतली ते पाहावे. वोल्फगांग ओव्हराट, तोही खेळ रचणाराच. जर्मनीत वाद होता तो दोन कलावंतांपैकी कोणता निवडावा याचा. कलावंत हवा की नको, हा प्रश्न तिथे नव्हता. शिवाय नेट्झर तोवर देशासाठी तीसहून अधिक सामने खेळला होता. हॉलंडचा योहान क्रायफ तर सिगारेट ओढायचा, पैशांवरून संघटनेशी भांडायचा, सगळ्यांच्या जर्सीवर तीन पट्टे असताना दोनच पट्ट्यांची जर्सी घालायचा. डचांनी त्याच्याभोवती संघ बांधला आणि ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. बोल्स किंवा वर्दिंग्टन क्रायफच्या तोडीचे होते, असा माझा दावा नाही. ते खेळले असते तर इंग्लंड जिंकलेच असते, असेही कोणी सिद्ध करू शकणार नाही. दावा इतकाच की दुसऱ्या देशांनी अवघड माणसांसाठी जागा घडवली आणि इंग्लंडने जागा आधी ठरवून माणसे नाकारली.

या विचाराला पुढे एक विचित्र वळण लागले. १९९४ साली, इंग्लंड पुन्हा एकदा विश्वचषकाबाहेर असताना, रॉब स्टीन यांचे या पिढीवरचे ‘द मॅव्हरिक्स’ हे पुस्तक आले. टेक्सासच्या सॅम्युएल मॅव्हरिक या जमीनदाराने आपल्या गुरांना डाग दिला नाही, म्हणून बिनडागाच्या गुरांना ते नाव पडले आणि पुढे ते कुठल्याच कळपात न मावणाऱ्या माणसाला चिकटले. कालचा दोष आज दागिना झाला. पण हा गौरव जुन्या समजाचीच दुसरी बाजू आहे. एकटेपणातच यांची थोरवी होती असे म्हणणे म्हणजे ते संघात बसणारे नव्हतेच, हे कबूल करणे. त्यामुळे आठवणींना उजाळा मिळाला, निवडीची रीत मात्र तशीच राहिली. ग्लेन हॉडलने १९७९ साली बल्गेरियाविरुद्ध पदार्पणातच गोल केला आणि पुढच्याच सामन्यात त्याला जागा मिळाली नाही. हाच हॉडल पुढे मॅनेजर झाला. एप्रिल १९९८ मध्ये साउदॅम्प्टनच्या मॅट ल टिसिएने इंग्लंडच्या ‘ब’ संघाकडून रशियाच्या ‘ब’ संघाविरुद्ध तीन गोल केले, तरी हॉडलने त्याला विश्वचषकाला नेले नाही. ज्याने स्वतः उपेक्षा सोसली, त्याच्या हातूनही तीच घडली. म्हणूनच या गोष्टीत कुणा एका माणसाला खलनायक ठरवता येत नाही. खुर्चीवर बसले की हा समज आपोआप अंगात भिनतो.

खुर्चीवरच्या माणसाची अडचण मला कळते. सांगितलेले काम करणारा खेळाडू हरला तर दोष नशिबाचा ठरतो, पण हुन्नरी खेळाडू हरला तर दोष निवडणाऱ्याचा. त्यामुळे निवडणारा संघाची जोखीम कमी करतो आहे असे वाटते तेव्हा बऱ्याचदा तो स्वतःचीच जोखीम कमी करत असतो. भरवसा म्हणजे चूक न करणे, ही व्याख्या त्याच्या सोयीची आहे. संघाच्या हिताची व्याख्या वेगळी असायला हवी. सगळे मार्ग बंद झाल्यावर ज्याच्याकडे चेंडू द्यावासा वाटतो, तो भरवशाचा खेळाडू. वेम्बलीवर पोलंडविरुद्ध शेवटची मिनिटे सरत असताना इंग्लंडला नेमका असा माणूस हवा होता आणि तशी माणसे त्या देशात त्या वेळी मुबलक होती. १९७० च्या स्पर्धेनंतर १९८२ पर्यंतच्या बारा वर्षांत इंग्लंड विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळले नाही.