कुणाच्या तरी हातावर

घाटकोपरकडच्या एका पालिका रुग्णालयात मी बालरोग वॉर्डची सिस्टर-इनचार्ज होते. निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली, तेव्हा सुश्रुतसंहितेत शिष्यांच्या सरावाचा अख्खा अध्याय सापडला. कापायचं भोपळ्यावर नि काकडीवर. शीर टोचायची मेलेल्या जनावराची, नाहीतर कमळाच्या देठाची. हसू आलं. आमच्याकडे पावसाळ्यात न्यूमोनिया, जुलाब, डेंगीनं वॉर्ड भरलेला आणि रात्री दोनला पहिल्या वर्षाचा रेसिडेंट पिवळा व्हेनफ्लॉन घेऊन उभा. जुलाबांनी सुकलेल्या बाळाची शीर दिसतच नाही.

देठानंतर कधीतरी जिवंत हात येतोच. तो कुणाचा?

एका आजीनं मला तोंडावर विचारलं होतं, “माझ्याच नातवावर शिकायचं का यांनी?” रेसिडेंट खाली बघत राहिला. मी म्हटलं, “हो आजी, शिकतोच आहे. दोनदा बघेल, नाही मिळाली तर रजिस्ट्रारना बोलावते.” माझ्या वॉर्डात तो नियमच होता, दोन प्रिक आणि मग वरचा माणूस. ‘मोठे डॉक्टर आहेत हो’ असं सांगून वेळ मारून नेणाऱ्या सिस्टरही मी पाहिल्यात. हेतू चांगलाच असतो. पण बाळाच्या वतीनं हो म्हणायचं ते आजीनं, मग तिला निदान खरं कळायला नको?

वडील सांगायचे, करावं त्यानं भोगावं. वॉर्डात हा हिशेब मला कधी जुळला नाही. सुई या बाळाला लागते आणि तिचं फळ ज्याला मिळायचं ते मूल कदाचित अजून जन्मलेलंही नसतं. मागच्या जन्माचं काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनी एकदा लंबर पंक्चरच्या वेळी बाळ धरून दाखवावं.

त्यापेक्षा शतपथ ब्राह्मणातली मांडणी मला जवळची वाटते. देव, ऋषी, पितर यांच्या ऋणांशेजारी तिथं माणसांचंही ऋण सांगितलंय, आणि ते फेडायचं पाहुणचारानं. डॉक्टरवर त्या पहिल्या हातांचं असं ऋण असतं. पण धनकोच सापडत नाही. केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये जातो, बाळ आईच्या कडेवर बसून गोवंडीला निघून जातं.

आणि धनको नेहमी त्याच वस्त्यांतले, हे मला खुपतं. तीन वर्षांत हात बसलेला रेसिडेंट पुढे बोरिवलीत नाहीतर मुलुंडला स्वतःचा दवाखाना थाटतो. तिथल्या मुलांना बसलेला हात मिळतो, आणि ज्यांच्यावर तो बसला त्यांच्या धाकट्या भावंडांना पुन्हा नवा. त्याला दोष देत नाही. घर चालवायचं असतं. काही जण मात्र आठवड्यातून एखादी सकाळ मानद म्हणून पालिकेत येतात. त्यातले एक सर रेसिडेंटला आधी बाळाचं वजन स्वतः करायला लावत, आईनं सांगितलेला आकडा चालायचा नाही. पहिल्या दहा किलोंना दिवसाला किलोमागे 100 मिली सलाईन, पुढच्या दहांना 50. वजन चुकलं की सगळंच चुकलं. त्यांच्याकडे मी ऋण फेडणारा माणूस म्हणून बघायचे. पण फेडताना ते शिकवत होते, म्हणजे आणखी एका बाळाचं ऋण नव्या पोरीच्या नावावर चढत होतं. ते थांबवायचं तर शिकवणंच बंद करावं लागेल, आणि जुलै तर दरवर्षी येतो.