पूर्वजन्माचे की पूर्वजांचे?

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे खांडबारा हे नवापूर तालुक्यातले गाव. नंदुरबार जिल्ह्यात दहांतली सुमारे सात माणसे आदिवासी, आणि या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी फिरतो आहे. पोर रात्रभर हातपाय धरून रडते आणि चार दिवसांनी अंगणात खेळताना दिसते. मग कुणी त्याला ढोंगी ठरवते, कुणी भगताकडे न्यायला सांगते, कुणी ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणून विषय मिटवते.

भोगाच्या या कल्पनेत शेजाऱ्यांची मोठी सोय आहे. ज्याचे त्याने फेडायचे म्हटले की बाकीचे मोकळे.

विज्ञानाने या आजाराचा शोध घेतला तेव्हा हिशेब उलटाच निघाला. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले, की सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून आलेल्या मुलांना मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकले ते त्यामुळे. मात्र आईवडील दोघेही असे एकेका जनुकाचे वाहक असले, तर दर गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. घरात बोल लावला जातो तो बहुधा एकट्या आईला. जनुक मात्र दोघांचे असते.

म्हणजे ज्या गुणाने पूर्वज तगले, त्याची किंमत आज एखादे पोर मोजते आहे. परंपरेने पितृऋण मानले ते वंशजांवरचे. इथे ते साऱ्या समाजावर येते. या पोराला दिलेली मदत दया कशी म्हणायची?

यावर शंका निघेल. जन्मतः बहिऱ्या किंवा मतिमंद मुलामागे असा हिशेब नसेल, तर त्याचे देणे नाही का? आहेच. मलेरियाची गोष्ट एवढेच उघड करते, की कुणाचेही शरीर एकट्याच्या कमाईचे नसते. विदर्भातले गुलाबराव महाराज (1881-1915) तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. इतरांनी ग्रंथ वाचून दाखवले, त्यांनी सांगितलेले उतरवून घेतले आणि त्यातून शंभरावर ग्रंथ उभे राहिले. वाचणाऱ्यांनी त्यांच्यावर उपकार केले, असे त्यांचा एकही भक्त म्हणणार नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि त्यांत सिकलसेलही आला. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्के लिहिले जातात, पण तपासणीचा अहवाल सारखाच असलेली दोन मुले सारखी जगत नाहीत. एकाला वर्गात पाण्याची बाटली आणि वारंवार लघवीला जायची मोकळीक पुरते. दुसऱ्याला रक्त चढवायला न्यावे लागते. थंडी, तहान, अतिश्रम यांतले कुणाला काय बाधते, हे त्याचे त्याला आणि घरच्यांना ठाऊक असते.

जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. अशा घरातल्या पोराला हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध चालू असेल तर रक्त अधूनमधून तपासावे लागते. तेव्हा गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या हे ठरवण्याआधी त्या आईवडिलांनाच विचारायला हवे: पोराला बरोबर नेणार की आजीजवळ ठेवणार, फडावर प्यायचे पाणी कुठून येते, रात्री दुखणे उठले तर गाडी कुणाची मिळते?