न नेलेले फोटो

परक्याच्या लग्नाचा जुना फोटो हाती आला की आपण त्याच्याकडे नुसते पाहत नाही, त्याची गोष्ट करतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी आणि मुंबईच्या चोरबाजारात असे फोटो चौकटीसकट विकायला असतात. घेणाऱ्याला बहुधा चौकटच हवी असते. पण पैसे मोजता मोजता त्याची नजर आतल्या दोघांवर जाते आणि तो म्हणतो, ‘पोरगी किती दुःखी दिसते हो!’ झाली गोष्ट सुरू. नवरा वयाने थोराड, सासू खाष्ट, मुलीचे मन दुसरीकडेच कुठे तरी गुंतलेले. जिचे नावही ठाऊक नाही, तिच्या साऱ्या जन्माचा निकाल आपण अर्ध्या मिनिटात लावून टाकतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याने याविषयी कुरकुर करावी यात थोडी मौजच आहे. कारण त्याचे पोट शाळेच्या पगारावर चालत असले तरी हौस याच सवयीवर चालते. तरीही प्रश्न उरतोच : अशी गोष्ट रचण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

आमच्या गेवराईतल्या एका वयोवृद्ध फोटोग्राफरांनी दुकान आवरायला काढले, तेव्हा हा प्रश्न पेटीत घालून माझ्या घरी आला असे म्हणायला हरकत नाही. त्यांच्या वडिलांनी निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांत हा स्टुडिओ थाटला होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत शे-दीडशे फोटो निघाले. आगाऊ पैसे देऊन गेलेली आणि पुन्हा कधीच न फिरकलेली गिऱ्हाइके! बहुतेक फोटो नवरा-बायकोचे. मी विचारले, “न्यायला का आले नाहीत हे लोक?” एक गठ्ठा उचलून ते म्हणाले, “हे बहात्तरचे. गाव खडी फोडायला गेलं गुरुजी, फोटो कोण नेणार?” बाकीच्यांचे कारण त्यांनाही ठाऊक नव्हते. “तुम्ही गोष्टी लिहिता. पेटी तुम्हीच न्या. मला काही ही माणसं रद्दीत घालवत नाहीत.”

पेटी देण्याआधी मात्र त्यांनी तासभर बसवून घेतले आणि माझ्यासारख्याच्या मनात आपोआप उगवणाऱ्या गोष्टी एकेक करून मोडून काढल्या. मुलगी दुःखी दिसते? “तिला मी श्वास धर म्हणालो होतो. हालली की काच वाया.” शिवाय कॅमेऱ्याच्या मागे सासरा उभा, त्याच्यासमोर दात काढणारी सून कोणाला चालली असती? शालूचा हिरवागार रंग? तो त्यांनीच नंतर ब्रशाने भरलेला; खरे लुगडे कोणत्या रंगाचे होते, देव जाणे. आणि लग्नाचा म्हणून आपण ज्याला लग्नाचा फोटो म्हणतो, तो पुष्कळदा लग्नातला नसतोच. कपाळावर मुंडावळ्या असतील तर त्या दिवसाचा. नसतील तर चार-सहा महिन्यांनी, एखादे वेळी वर्षाने, बाजाराला आल्यावर काढलेला. कडेवर लेकरू घेऊन आलेल्या जोडप्यांनीही ते लेकरू बाहेर आजीजवळ ठेवून ‘लग्नाचा’ फोटो काढून घेतला आहे.

एका फोटोपाशी मी फार वेळ थांबलो. नवरदेवाच्या अंगात कोट, मनगटावर घड्याळ, खिशाला दोन पेने. नवरीचा हात शेजारच्या टेबलावरच्या रेडिओवर. कोट आणि घड्याळ स्टुडिओच्या खुंटीवरचे. रेडिओ आतून रिकामा. बूट मात्र स्टुडिओत त्याच्या मापाचे नव्हते, म्हणून कोटाखाली नांगरामागे चालून भेगाळलेले अनवाणी पाय तसेच आले आहेत. शहरातला माणूस हे पाहून हसेल, नाहीतर हळहळेल. मला दोन्ही नकोसे वाटते. त्या दोघांनी पदरचे पैसे मोजून आपल्याविषयी एक गोष्ट सांगितली आहे : आम्ही असे होऊ, निदान लोकांनी आम्हांला असे पाहावे. आपण तिच्यावर आपली गोष्ट चढवतो तेव्हा त्यांची पुसून टाकतो. मेलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही, एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही.

कॅमेऱ्यापुढे बसणे ही एके काळी केवढी धिटाई होती! दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फोटोग्राफीचा धंदा केला, तेव्हा बडोद्यात त्यांना याच भीतीने छळले. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो, अशी लोकांची समजूत होती. आमच्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, राजा दीनदयाळांनी १८९२ साली पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो घेणारीही बाईच होती. ती चैन अमीर-उमरावांची. खेड्यातली नवरी मात्र परक्या पुरुषासमोर, दिव्याच्या झोतात, श्वास धरून बसली.

पण मग जे दिसते त्यापलीकडे बोलूच नये काय? तेही मला पटत नाही, आणि याला कारण पेटीतलाच एक फोटो. मालकांच्या वडिलांच्या हातचा, फार जुना. त्यातली नवरी स्टुलावर बसली आहे आणि तिचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. वीतभर वर लोंबत आहेत. ही काही मी रचलेली गोष्ट नव्हे. शारदा कायद्याने १९२९ साली मुलीचे वय निदान चौदा ठरवले, आणि तो १ एप्रिल १९३० पासून अमलात येणार म्हणताच मधल्या सहा महिन्यांत इंग्रजी मुलुखात बालविवाहांची एकच झुंबड उडाली. १९३१ च्या खानेसुमारीच्या अहवालांत तिची नोंद आहे. आमच्याकडे तेवढीही घाई नव्हती. पलीकडचा नगर जिल्हा इंग्रजांचा, अलीकडे निजामाचे राज्य. कायदा शिवेपर्यंत येऊन थांबला होता. त्या लोंबत्या पायांविषयी काहीच न बोलणे हा आदर नव्हे.

यातले दहा-बारा फोटो मी नववीच्या वर्गात नेले आणि म्हटले, यांची गोष्ट लिहा. मुलांनी भरभरून लिहिले. मालिकांच्या कृपेने निम्म्या गोष्टींत विषप्रयोग होता. मुलींपैकी पुष्कळजणींनी नवरीला शिकायची इच्छा होती असे लिहिले. ती कोणाची इच्छा, हे सांगायला नकोच. एका मुलीचा कागद मात्र चार ओळींचा होता. तिचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात. ती मागे वसतिगृहात राहते. कोटवाल्या जोडप्याविषयी तिने लिहिले : हा एक कोयता आहे. त्यांना उचल मिळाली आहे. उद्या गाडी येणार आहे. म्हणून त्यांनी आज फोटो काढला.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो ती उचल, आणि जोडीला ती अधिक मिळते. म्हणून दसऱ्याच्या आसपास गाडी भरायच्या आत काही घरांत लग्ने उरकली जातात. हा अंक आपण फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचत असाल, तेव्हा गेवराईहून असे कितीतरी कोयते रवाना झालेले असतील.

इतिहासाच्या कसोटीवर तिची गोष्ट टिकणार नाही. तो फोटो ऊसतोडीचे हे चक्र आमच्याकडे फोफावण्याच्या आधीचा आहे. पण वर्गातल्या साऱ्या कागदांत तिनेच एकटीने विचारले होते, की या दोघांना दुसऱ्या दिवशी काय करायचे आहे. तिने त्यांची कीव केली नाही. त्यांना प्रेम आहे की नाही, याची चौकशी केली नाही. फोटोतली माणसे फोटो काढून झाल्यावर उठतात आणि कामाला लागतात, एवढे तिला ठाऊक होते. माझ्या मते परक्याची गोष्ट रचण्याचा अधिकार मिळतो तो इथे.

कीव स्वस्त असते, त्यातही जुन्या फोटोची कीव फारच. तिच्यासाठी कोणाशी भांडावे लागत नाही, कोणाचे निमंत्रण नाकारावे लागत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिकजणींचे लग्न अठरा पुरे होण्याआधी झालेले आढळले. या मुली काही पेटीतल्या नव्हेत. त्यांच्यापैकी काही माझ्या हजेरीपटावर होत्या. लोंबत्या पायांच्या नवरीसाठी ज्यांचे डोळे भरून येतील, असे कितीतरी सज्जन यंदाच्या वैशाखात अशाच एखाद्या मांडवात अक्षता टाकून आणि पंगतीला बसून आलेले असतात.

म्हाताऱ्या फोटोग्राफरांचा मुलगा आता लग्नांचे चित्रण करतो. त्याच्याकडे आकाशातून फोटो घेणारा ड्रोनही आहे. त्याला मी विचारले, “अशा लग्नांत काय करता?” तो म्हणाला, तिथे फोटो नकोच असतो. २००६ च्या कायद्याने असे लग्न लावणाराच नव्हे, तर त्याला हजर राहणाराही दोषी ठरतो, आणि फोटो म्हणजे पुरावा. मागे एका ठिकाणी सुपारी घेऊन तो गेला, तेव्हा मुलीच्या मामाने मांडवाच्या दारातच त्याला अडवले. ठरलेले सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले, कॅमेरा पिशवीतच राहू द्या म्हणाला, आणि जेवल्याशिवाय जायचे नाही असा आग्रह केला.

“मग?” मी म्हटले.

“जेवलो की गुरुजी,” तो म्हणाला. “नवरी समोरच बसली होती.”