दुरुस्तीची मजुरी

रविवारीं सकाळीं बाह्या सरसावून मोटारीखालीं शिरणारा सुशिक्षित गृहस्थ पाहिला म्हणजे शेजारी त्यास दोनच प्रश्न विचारतात : किती पैसे वांचले, आणि गाडी चालूं झाली कीं नाहीं ? दोन्ही प्रश्न व्यवहाराचे आहेत आणि व्यवहारांत त्यांचीं उत्तरेंही सांपडतात. परंतु त्यांच्या पाठीशीं तिसरा एक प्रश्न उभा असतो, तो कोणी विचारीत नाहीं. आम्हीं तो स्वतःस विचारला तोही एका अपघाताच्या काठावर पोंचल्यानंतरच. आपल्या हातून झालेल्या दुरुस्तींत चूक राहिली, तर तिचें मोल कोणीं द्यावयाचें ?

या विषयांतील आमचा अधिकार पुस्तकी नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. १९९७ सालीं आम्हीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यांत जन्मलेली ही गाडी प्राध्यापकाच्या पगारास परवडे, पण स्वभावानें मानी होती. पावसाळ्यांत डिस्ट्रिब्युटरच्या टोपणांत ओल धरे. पॉइंट जळत, ते पॉलिश पेपरनें घासून त्यांतील फट पुन्हां मापानें जमवावी लागे. उन्हाळ्यांत खंडाळ्याचा घाट चढतांना पंपांतील पेट्रोलची वाफ होऊन गाडी मध्येंच थांबे, तेव्हां पंपावर ओलें फडकें टाकून झाडाखालीं स्वस्थ बसावें, हाच उपाय. हीं कामें आम्ही शिकलों. कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ केल्यावर इंजिन पहिल्या झटक्यास सुरू झालें कीं जो आनंद होई, तो उत्तरपत्रिका तपासून आम्हांस कधीं झाला नाहीं !

पैसे वांचत, हेंही खरें. पण किती, याचा हिशेब आम्हीं कधीं प्रामाणिकपणें मांडला नाहीं. थोरोनें १८४५ सालीं वॉल्डन तळ्याकाठीं स्वतःच्या हातांनीं झोपडी बांधली आणि तिचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट इतका काटेकोर लिहून ठेवला. या जमाखर्चांत त्याची स्वतःची मजुरी धरलेली नाहीं, कुऱ्हाड उसनी आणलेली होती, आणि जमीन मित्र इमर्सनची होती. स्वावलंबनाचे हिशेब बहुधा असेच असतात. आमच्याही हिशेबांत रविवार फुकट, शेजाऱ्याचा जॅक फुकट, आणि गटारांत ओतलेलें काळें तेल कोणाच्याच खात्यावर नाहीं. (तें पाप आम्हीं दोन वेळां केलें आहे.) तथापि थोरोची झोपडी कोसळती, तर तिच्याखालीं थोरोच सांपडता. मोटारीचें तसें नाहीं.

दुसऱ्या वर्षीं ब्रेकचें तेल गळूं लागलें. चाकांतील सिलिंडरचीं रबरें आम्हीं घरींच बदललीं. तें काम बरें साधलें. मात्र टाकी भरावयास ब्रेकचें तेल पुरेना, रविवार म्हणून दुकान बंद, आणि घरांत इंजिनच्या तेलाचा डबा होता. तेल तें तेल, असें म्हणून आम्हीं तेंच ओतलें. खनिज तेलानें ब्रेकचें रबर फुगतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. फुगलेलें रबर जागचें हलेना. चाकें धरूं लागलीं, तापलीं, आणि पांचव्या दिवशीं कॉलेजच्या उतारावर आमचा पाय पॅडलसकट तळास टेकला. पुढें एक शाळकरी मुलगी सायकलवरून चालली होती. आम्हीं कशीबशी गाडी पहिल्या गिअरांत घातली, हँडब्रेक ओढला, आणि ती एका वडाच्या पारास घासून थांबली. मुलीनें मागें वळूनही पाहिलें नाहीं. तिला कांहीं कळलेंच नव्हतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. आम्ही नीतिशास्त्र शिकवितों. जोखीम पत्करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, हा सिद्धांत वर्गांत किती वेळां मांडला असेल ! पण येथें ती जोखीम आम्हीं पत्करली कोठें होती ? बचत आमची, धोका त्या मुलीचा, आणि तिची संमति कोणीं विचारली नव्हती. मिस्त्रीही चुकतो, हें आम्ही जाणतों. चांगला भाग काढून जुना बसविणारे गॅरेजवालेही आम्हांस भेटले आहेत. तेव्हां गॅरेजचें काम निर्दोष असतें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु जो तेंच काम रोज करतो, त्याच्या चुका त्याच्याच दारीं परत येतात आणि त्यास शिकवितात. आमची चूक एकदांच व्हावयाची, आणि ती कळण्यास कोणाचा तरी जीव जावयाचा. म्हणून घरीं काय करावें याची रेघ आम्ही हाताच्या कौशल्यावरून ओढीत नाहीं. गाडी सुरू झाली नाहीं तर आम्ही पायीं जाऊं. थांबली नाहीं तर पायीं जाणाऱ्याचें काय, एवढेंच पाहतों.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं साऱ्या नळ्या धुऊन काढल्या, सर्व रबरें पुन्हां बदललीं. बिलांतील सामानाच्या रकमेवर आम्ही चकार शब्द बोललों नाहीं. मजुरीवर मात्र घासाघीस केली. कारखान्याची किंमत छापील म्हणून ती मुकाट्यानें द्यावयाची, आणि माणसाच्या हाताची किंमत तेवढी बोलून कमी करावयाची, ही आम्हां पांढरपेशांची जुनी रीत आहे. आमच्या शिकवणीची फी कोणी अशी कापूं लागता, तर आम्ही त्यास दार दाखविलें असतें. जें ज्ञान नसल्यामुळें आदल्या दिवशीं आमच्या हातून मनुष्यहत्या व्हावयाची, तेंच समोर काळ्या हातांनीं उभें असतां आम्ही त्यास अंगमेहनत समजत होतों. मिस्त्री शांतपणें म्हणाले, “सर, रबर स्वस्तच आहे. कुठलं तेल घालायचं नाही, त्याचे पैसे मागतोय.”

आतां पद्मिनी केव्हांच इतिहासजमा झाली. धुराचे नियम कडक होत गेले, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाला, आणि या ओघांत कार्ब्युरेटर जाऊन संगणक आला. त्यापुढें कोपऱ्यावरचा मिस्त्रीही कित्येकदां हतबल होतो, कारण दुरुस्तीची माहिती कंपन्या आपल्यापाशींच ठेवूं पाहतात. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनीं २०१२ सालीं कौल दिला, कीं ही माहिती स्वतंत्र गॅरेजांस मिळालीच पाहिजे. आपल्या सरकारनेंही डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ काढलें. हा हक्क आम्हांस मनापासून मान्य आहे. स्वतःची वस्तु उघडून पाहण्याचें ज्यानें सोडलें, त्यास कोणींही फसवावें.

गेल्या महिन्यांत आमच्या चिरंजीवांनीं फोनवर एक चित्रफीत दाखविली. “बाबा, पुढचे ब्रेक-पॅड घरीच बदलू. सोपं आहे, मजुरी वाचेल.” आम्हांस वडाचा पार आठवला. तथापि हात लावूं नको म्हणणें जिवावर आलें. पंपावर ओलें फडकें टाकणारे आम्हीच कीं नाहीं? मग मिस्त्रींस विचारलें, कीं मुलानें काम करावें आणि तुम्हीं तें तपासून द्यावें, चालेल काय ? ते आतां साठीपुढें गेले आहेत. म्हणाले, “दुसऱ्यानं उघडलेल्या ब्रेकवर मी हो म्हणणार नाही, सर. त्याला इकडं पाठवा. माझ्यासमोर करू दे.”

“आणि मजुरी ?”

“ती पुरी घेणार. मला वेळ दुप्पट लागेल.”

आम्हीं रक्कम विचारली नाहीं. रविवारीं सकाळीं चिरंजीव जुना सदरा घालून गॅरेजकडे निघाले.